समजलं नाही, लिहून द्या

१२ एप्रिल २०२०

पोपट्या,

आशीर्वाद पोतंभर, बाकी सगळ्याची टंचाई. तुझं पत्र येऊन महिना उलटला. दुसऱ्या कुणाचा भाचा असता तर मी फोन करून "जिवंत आहेस ना रे" एवढं तरी विचारलं असतं. तुला फोन करून काय, भिंतीशी बोलू? आणि मोबाइलवर टकटक करून निरोप धाडणं मला या जन्मी जमायचं नाही. तेव्हा पत्र. टपालवाला अजून येतोय. परवा तोंडाला फडकं बांधून दारात उभा राहिला, मला वाटलं चोर.

त्याला बघितलं आणि पहिली तुझी आठवण झाली. म्हटलं, माझा पोपट्या आता काय करत असेल? तापात तुझे कान गेले तेव्हा तू पाच वर्षांचा. वर्षभरात तुझी आईही गेली. मग मी तुला आरशासमोर बसवून ओठ वाचायला शिकवलं, तुझा हात माझ्या गळ्यावर धरून बोलायला शिकवलं. किती वर्षं घासली आपण दोघांनी! आणि आता अख्ख्या जगाने ओठ झाकून घेतले. असं कधी होईल हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

माझं दुकान बंद आहे. घरी बसून मास्क शिवते. चाळीस वर्षं लोकांची मापं घेतली, आता सगळ्यांचं माप एकच, नाक ते हनुवटी. तुमच्या औषधाच्या कारखान्यात सगळे मास्क लावतात का? मग तुला बोललेलं कळतं कसं? खरं काय ते लिही. मखलाशी नको.

तुझी मावशी


२८ एप्रिल

मावशी,

दुरूनच नमस्कार. माझं उत्तम चाललंय. औषधाचा कारखाना बंद ठेवून कसं चालेल?

तू विचारतेस ना नेहमी, दिवसभर बाटल्या बघून वेड कसं लागत नाही म्हणून. इंजेक्शनची कुपी बोटाएवढी असते. दिव्याखाली धरायची, हळूच उलटी करायची. काळ्या फळीसमोर पाच सेकंद, पांढऱ्या फळीसमोर पाच सेकंद. पांढरा तंतू असेल तर काळ्यावर दिसतो, काळा कण असेल तर पांढऱ्यावर. बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. नुसतं स्वच्छ पाणी आणि त्यात उभा दिवा. हे कुणाच्या तरी रक्तात जाणार आहे आणि त्याआधी शेवटचं माणूस मी आहे, असं मनात आलं की अजूनही हात जरा सावकाश होतो. चौदा वर्षं झाली, मावशी, पण ती भीती गेली नाही. जाऊही नये.

कळण्याचं म्हणशील तर मी सांभाळून घेतो. तू काळजी करू नकोस. दुपारी खिडकीत बसून रस्ता बघतो. रस्त्यावर चिटपाखरू नसतं.

पोपट्या


१० मे

तपासणी विभागाच्या सुपरवायझर बाईंना,

तुम्ही मला ओळखत नाही. तुमच्याकडे कुप्या तपासणारा जो बहिरा मुलगा आहे (चाळिशीचा झाला तरी मला मुलगाच) त्याची मी मावशी. व्यवसायाने शिंपीण. सोबत बारा मास्क पाठवले आहेत. ओठांपुढे प्लास्टिकची खिडकी लावली आहे. तुम्ही आणि तुमच्या लोकांनी हे लावून त्याच्याशी बोललात तर त्याला सगळं कळेल. तो अक्षरन् अक्षर वाचतो, मी शिकवलंय. त्याला हे सांगू नका, लाजेल. माप चुकलं असेल तर कळवा, बदलून देईन.

त्याची मावशी


२ जून

आदरणीय मावशी,

तुमचे मास्क मिळाले. शिवण इतकी सुबक की आमच्या मुलींनी उलटसुलट करून बघितली. मी लावून पाहिला. दोन वाक्यं बोलले आणि खिडकीवर वाफ धरली. आरशात बघितलं तर धुक्यातला बेडूक! आम्ही सगळ्या खूप हसलो आणि मग मला रडू आलं, कारण तुम्हाला खरी गोष्ट ठाऊक नाही असं तुमच्या पत्रावरून दिसतं.

तुमचा भाचा दोन एप्रिलपासून घरी आहे.

मास्क सक्तीचे झाले त्याच आठवड्यात मी त्याला म्हटलं, "डावीकडचा ट्रे तपासायचा राहिलाय, पुढे देऊ नकोस." त्याने मान हलवली आणि तो ट्रे पुढे दिला. चारशे कुप्या न तपासता पॅकिंगला गेल्या. तिथल्या मुलीच्या लक्षात आलं म्हणून बाहेर पडल्या नाहीत. दोन दिवस सगळा माल पुन्हा तपासला. मॅनेजर साहेबांनी त्याला आणि कारखान्यातल्या आणखी तिघा बहिऱ्या कामगारांना "तुमच्याच सुरक्षेसाठी" म्हणून घरी बसवलं. माझं ऐकाल तर चूक माझी होती. त्याला समजलं का, हे मी बघायला हवं होतं. त्याने मान हलवली आणि मी पुढे गेले.

आता निम्मे लोक आजारी आहेत आणि काम दुप्पट झालंय. त्याच्यासारखे डोळे माझ्याकडे दुसरे नाहीत. मी वर सांगते आहे. साहेब म्हणतात, ज्याला सूचना कळत नाही त्याला आत कसा घेऊ? 

आपली,
सुपरवायझर


९ जून

पोपट्या,

उत्तम चाललंय काय! दिवा काय, स्वच्छ पाणी काय! शाबास. तुला बोलायला मी शिकवलं, थापा मारायला कुणी शिकवलं?

दोन महिने घरी बसलायस आणि मला कारखान्याच्या गोष्टी सांगतोस. आणि मी वेडी, खिडकीत बसतो म्हणालास तर म्हटलं, बरं झालं, पोराला सुट्टी तरी मिळाली. तुझ्या बाईंना मास्क धाडले, त्यांचं पत्र आलं. त्यांनी सगळं लिहिलंय. आता तू लिही. सगळं.

मावशी


२० जून

मावशी,

काय लिहू? मला समजलं नव्हतं आणि मी मान हलवली. एवढंच आहे.

बाई माझ्यासमोर उभ्या होत्या. डोळे दिसत होते, भुवया दिसत होत्या, बाकी निळं कापड. कापड हलत होतं. काहीतरी महत्त्वाचं आहे हे दिसत होतं. मी विचारायला हवं होतं. पण त्या घाईत होत्या, मागे रांग होती, आणि माझी मान आपोआप हलली. लहानपणापासून हलते. अर्धं कळलं तरी हलते, अजिबात नाही कळलं तरी हलते. समोरच्याचा चेहरा सैल होतो, तो निघून जातो, मग मी बाकीच्यांना बघून काय करायचं ते ओळखतो. इतकी वर्षं निभलं. ओठ दिसत होते ना, बरंचसं कळायचं.

माझ्या एका मानेमुळे चौघं घरी बसले. तपासणीतला दादा माझ्याही आधीपासून तिथे आहे, त्यानेच मला कुपी धरायला शिकवलं. चिमणी पॅकिंगला आहे. तिनेच ती चूक पकडली आणि तिलाच घरी बसवलं. लंबू आता कुणाच्या तरी गोदामात पेट्या उचलतो. तिघांपैकी कुणी मला एक शब्द बोललेलं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

मी घरात पाण्याचे पेले उजेडात धरून बघतो. दहा सेकंद एकेक. हसू नकोस. काम असलं की मला लोक तपासनीस म्हणतात. काम नसलं की नुसता "तो बहिरा". मला परत जायचंय, मावशी. दुसरं काही नको.

पोपट्या


१० जुलै

पोपट्या, माझ्या बाळा,

तुझं पत्र पंधरा दिवस उशाशी ठेवलंय. आता लिहिते, कारण परवा एक झालं.

किराणा दुकानात गेले होते. दुकानदाराने मास्कमधून काहीतरी विचारलं. माझे कानही हल्ली जरा जडच झालेत. मला काही कळलं नाही. मागे चार माणसं खोळंबलेली. आणि मी काय केलं सांगू? मान हलवली. घरी येऊन पिशवी उघडली तर पाच किलो मीठ! पाच किलो! मी एकटी बाई, त्या मिठाचं काय लोणचं घालू? हसत हसत खुर्चीवर बसले आणि मग हसू जिथल्या तिथे थांबलं.

ही सवय तुला मीच लावली, पोपट्या. तुला आठवत नसेल. शाळेत पहिल्या वर्षी तू प्रत्येक वेळी "काय? काय?" विचारायचास. मास्तर वैतागायचे, पोरं चिडवायची. तेव्हा मीच म्हटलं होतं, "समजलं नाही तरी मान हलव, राजा. लोक चिडत नाहीत." मला वाटलं, मी तुला वाचवतेय.

आणि एवढ्यावरच थांबले असते तरी चाललं असतं. तू हाताने खुणा करायचास. काय सुरेख करायचास! पाऊस, मांजर, भूक, सगळं बोटांतून. डॉक्टर म्हणाले, हात चालले तर जीभ चालणार नाही. म्हणून मी तुझ्या प्रत्येक कपड्याला खोल खिसे शिवले. "हात खिशात, पोपट्या." दिवसातून शंभरदा. दहा वर्षांचा झालास तोवर खुणा गेल्या. मी लोकांना अभिमानाने सांगायचे, बघा, माझा भाचा बोलतो, खुणा करत नाही.

तुझी आई असती तर तिने माझं ऐकलं नसतं. मी चुकले, बाळा. हे कागदावर लिहायला मला पंधरा दिवस लागले.

आता मावशीचा हुकूम ऐक. तुला परत बोलावतील. बाईंच्या पत्रावरून मला ते दिसतंय. गेलास की मान हलवायची नाही. समोर राजा असो नाहीतर त्याचा बाप. "समजलं नाही, लिहून द्या." मोठ्याने. तुझा आवाज चांगला आहे, मी घडवलाय.

मावशी


१८ ऑक्टोबर

मावशी,

इतके दिवस पत्र नाही म्हणून तू मला काय काय म्हणाली असशील ते मला इथून ऐकू आलं. (माझा विनोद. हस.)

मी आत आहे. खरंच आत. तारीख बघ, थाप नाही.

ऑगस्टमध्ये बाईंनी बोलावलं. लशीच्या कुप्या भरायचं काम मिळणार म्हणून सगळ्यांचीच नव्याने परीक्षा होती. अडीचशे कुप्या, त्यात वीस सदोष, कुठे ते आपल्याला ठाऊक नाही. परीक्षक बाहेरून आले होते, मास्क आणि वर काचेची ढाल. ते बोलले. माझी मान हलायला निघाली. मी हनुवटी धरली हाताने, अगदी खरोखर धरली, आणि म्हणालो, "समजलं नाही, लिहून द्या." त्यांनी लिहून दिलं. पुन्हा बोलले, पुन्हा मी तेच. तिसऱ्यांदा त्यांनी मोठा उसासा टाकला, म्हणजे ढालीवर वाफ आली, आणि वहीच माझ्यासमोर ठेवली. मला वीसपैकी एकोणीस सापडल्या. एक सुटली, काठाशी तडा होता, अजून डोळ्यासमोर आहे. पण पास.

दादाला अकराच सापडल्या. डोळ्यांत मोतीबिंदू झालाय, त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. त्याला घेतलं नाही. लंबू गोदामातच राहिला. मी आणि चिमणी आत आलो, फेब्रुवारीपर्यंत तात्पुरते. तोवर साहेब बघणार, आम्हाला सूचना कळतात की नाही. नाही कळल्या तर पुन्हा घर.

आता ऐक. गेल्या आठवड्यातली गोष्ट. इथले हॉल काचेच्या भिंतींचे आहेत. एका बाजूला भरायची खोली, मध्ये आम्ही, पलीकडे पॅकिंग. यंत्रांचा आवाज एवढा की म्हणे शेजारच्याचं ओरडणं ऐकू येत नाही. त्यात आता टोपी, दोन मास्क, ढाल. भरायच्या खोलीत कुप्या पुढे सरकवणाऱ्या पट्ट्यावर कुपी फुटली. तिथला माणूस ओरडत होता, काच बडवत होता. माझी पाठ त्याच्याकडे. ऐकणारी वीस माणसं हॉलमध्ये आणि एकालाही ऐकू आलं नाही! दोन काचा ओलांडून पलीकडून चिमणीने बघितलं आणि मला खूण केली. मी लाल बटण दाबलं. फुटक्या काचेसकट कुप्या पुढे यायच्या आत पट्टा थांबला.

बाईंनी कागदावर लिहून विचारलं, तुला कसं कळलं? मी चिमणीकडे बोट केलं. त्यांनी काचेपलीकडे तिच्याकडे बघितलं. मग लिहिलं, "आम्हाला शिकवाल?"

मावशी, मला तरी कुठे सगळं येत होतं? कामाला लागल्यावर दादाने शिकवलं, जेवणाच्या सुट्टीत, चोरून. तुला कधी सांगितलं नाही. आता मी आणि चिमणी रोज अर्धा तास शिकवतो. सुरुवातीला कामापुरत्या सोळा खुणा ठरवल्यात. काल मी टेबलावरून मान वर केली आणि बघतच राहिलो. अख्खा हॉल पांढऱ्या कपड्यांत, नुसते डोळे उघडे, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत हात बोलत होते. ज्यांना मी चौदा वर्षं ओठांवरून वाचत आलो ती माणसं माझ्या भाषेत बोलत होती. मला वाटलं मी झोपेत आहे. मी हातातली कुपी खाली ठेवली.

साहेबांना पटलेलं नाही. म्हणतात, थांबवायला घंटा आहे, हे खेळ कशाला? फेब्रुवारीत ठरवतील.

आणि एक सांगू? इथल्या कपड्यांना खिसे नसतात. खिशातून धागे निघतात म्हणून. मी हे आजवर तुला लिहिलं नव्हतं.

पोपट्या


५ नोव्हेंबर

पोपट्या,

तुझं पत्र शेजारणीला वाचून दाखवलं, समोरच्या सायकलवाल्याला वाचून दाखवलं, टपालवाल्याला तर त्यानेच आणलेलं पत्र वाचून दाखवलं. खिशांशी आले की मात्र मला पुढे वाचता येत नाही, तेवढं मनात वाचते.

काचेपलीकडून बोलणं! मी तुला आयुष्यभर सांगितलं की खुणा म्हणजे गरिबाचं बोलणं. आणि इथे धडधाकट कानांची वीस माणसं त्यावर अवलंबून आहेत. मला बघायचंय. एकदा, माझ्या डोळ्यांनी. बाईंना विचार.

मावशी


२१ फेब्रुवारी २०२१

पोपट्या,

मला माफ कर. मी तुझं वाटोळं करून आले.

सहा तास बस, तिथून रिक्षा, दारावर ताप बघितला, हातावर औषध चोळलं, मास्कवर मास्क. बाई भल्या, स्वतः वरच्या गॅलरीत घेऊन गेल्या. म्हणाल्या, "आज साहेबही आत आहेत. आज निकाल." मी म्हटलं, मी कोपऱ्यात उभी राहीन, श्वासही घेणार नाही.

आणि मग खाली बघितलं. देवा! एवढा लख्ख हॉल मी जन्मात पाहिला नव्हता. सगळे सारखे पांढरे, तरी तू मला लगेच सापडलास. तू कुपी धरली होतीस. दिव्याखाली. एवढ्या सावकाश तू कधी काही धरलेलं मी पाहिलं नाही, आणि लहानपणी सगळं पाडायचास. मग पलीकडून कुणीतरी हात हलवले, तू हलवलेस, ते तिसऱ्याने उचललं, आणि ते बोलणं हॉलभर फिरून आलं. चूं नाही की चां नाही. मी भान विसरले. काच मध्ये आहे हेही विसरले. दोन्ही हात काचेवर टेकवले, असे, पंजे उघडे, आणि नाकही.

आणि सगळं थांबलं. पट्टे थांबले, माणसं थांबली, सगळ्यांचे डोळे माझ्यावर. तो टोपीवाला साहेब हातात घड्याळ घेऊन माझ्याकडे बघतोय. बाई किंचाळल्या, "मावशी, ही थांबायची खूण आहे!"

 म्हटलं, नेमक्या निकालाच्या दिवशी या म्हातारीने पोराच्या पोटावर पाय दिला. मी जिन्याकडे पळाले. तुला भेटलेही नाही. रिक्षात बसून रडत होते. साहेबांना सांग, बाई अडाणी आहे, तिला काही येत नाही, मुलाला शिक्षा नको. मी स्वतः येऊन त्यांचे पाय धरीन.

मावशी


२८ फेब्रुवारी

मावशी,

तुझं पत्र वाचून मी इतका हसलो की खालच्या मजल्यावरची माणसं काय झालं म्हणून वर आली. माझं हसणं म्हणे फार मोठं आहे.

आधी कामाचं. माझी नोकरी पक्की झाली. चिमणीचीही. हातात कागद आहे, तुझ्यासाठी नक्कल सोबत जोडली आहे. दादाचं अजून झालेलं नाही. पुढच्या महिन्यात त्याचं डोळ्याचं ऑपरेशन आहे, मग पुन्हा परीक्षा. बाईंनी त्याची जागा भरलेली नाही.

आता तुझा गुन्हा. त्या दिवशी सकाळी साहेबांनी घंटा वाजवून बघितली होती. घंटा झाली की माणसं आधी एकमेकांकडे बघतात, आपल्यासाठी होती का म्हणून. शेवटचा पट्टा थांबायला वीस सेकंद लागले. आता हातांचं बघू म्हणून ते घड्याळ काढतच होते. तेवढ्यात तू काचेवर हात टेकवलेस. कुणाला ठाऊक नव्हतं, तयारी नव्हती, तू कोण तेही माहीत नव्हतं. कुणीही ती खूण केली तरी आधी थांबायचं आणि मग विचारायचं, हा आमचा नियम. सगळा हॉल चार सेकंदांत थांबला. साहेबांनी घड्याळ दोनदा बघितलं. मग माझ्याकडे वळून काहीतरी बोलले. मी म्हणालो, समजलं नाही, लिहून द्या. त्यांनी लिहिलं, "कमाल आहे." तो कागदही माझ्याकडे आहे, तो मात्र देणार नाही.

आणि तू पळालीस म्हणून तुला ठाऊक नाही ते सांगतो. सगळं थांबल्यावर हॉलमधले सगळे वर बघत होते, ही बाई कोण म्हणून. मी हातांनी सांगितलं, ही माझी मावशी. आईच्या जागी हीच. मला बोलायला हिने शिकवलं. मग सगळ्यांनी दोन्ही हात वर केले आणि बोटं पसरून हलवले. बाईंनी केले, साहेबांनी बघून बघून केले, चिमणी तर खुर्चीवर चढली. आमच्यात टाळ्या अशा वाजवतात, मावशी. त्या तुझ्यासाठी होत्या. बराच वेळ होत्या, तू जिन्यापर्यंत पोचेस्तोवर. पण त्यांचा आवाज होत नाही ना, म्हणून तू वळून बघितलं नाहीस.

तुझा,
पोपट्या